कुसात्सू : आंबट पाण्याचं गाव

जुन्या जपानी पंचांगातल्या दहाव्या महिन्याचा आठवा दिवस उजाडला की कुसात्सू गाव बंद व्हायचं. बंद म्हणजे अगदी कुलूपबंद. धर्मशाळांची दारं लागायची, दुकानदार माल आवरायचे आणि मालक, नोकर, पोरंबाळं, म्हातारेकोतारे असं सगळं बिऱ्हाड डोंगर उतरून खालच्या गावांत हिवाळा काढायला जायचं. वर उरायचा तो बर्फ, आणि बर्फातून वाफा सोडत रात्रंदिवस वाहणारं गरम पाणी. चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवशी, म्हणजे बुद्धाच्या जन्मदिवशी, गाव पुन्हा उघडायचं. ही सहा महिन्यांची ये-जा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालू होती. आज त्याच गावात नाताळपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शनिवार-रविवारची खोली हवी असेल, तर कित्येक आठवडे आधी आरक्षण करावं लागतं.

कुसात्सू टोकियोच्या वायव्येला, गुन्मा प्रांतात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटरवर आहे. कायमची वस्ती सहा-साडेसहा हजारांची. पाहुणे वर्षाला तीस लाखांच्या वर. जपानी माणूस गरम पाण्याच्या झऱ्याला आणि त्याच्याभोवती वसलेल्या गावालाही ‘ओनसेन’ म्हणतो. अशी ओनसेनं देशभर हजारोंनी आहेत. प्रवास व्यवसायातल्या लोकांच्या मतांवरून दरवर्षी जी शंभर ओनसेनांची यादी निघते, तिच्यात कुसात्सूने वीस वर्षांहून जास्त काळ पहिला नंबर सोडलेला नाही. माहितीपत्रकं याचं श्रेय बर्फाला, लाल पानांना आणि डोंगरी हवेला देतात. ते सगळं तिथे आहेच. पण जपानात तसं सौंदर्य ठायी ठायी सापडतं. कुसात्सूचं वेगळेपण असं, की तिथलं पाणी माणसाने सहज अंगावर घ्यावं असं नाहीच. आणि ते घेता यावं म्हणून या गावाने शेकडो वर्षं जे उद्योग केले, तेच आज लोक पैसे मोजून पाहायला येतात.

गावाच्या पाठीशी कुसात्सू-शिराने हा जागता ज्वालामुखी आहे. त्याच्या पोटातून वर येणाऱ्या वायूंत गंधकाची आणि क्लोरीनची संयुगं असतात. डोंगरावर पडलेला पाऊस आणि वितळलेला बर्फ जमिनीत खोल मुरतो, तिथे त्याची या वायूंशी गाठ पडते, आणि पाणी तापून आम्ल होऊन बाहेर येतं. कुसात्सूच्या मुख्य झऱ्याचा पीएच साधारण २.१ आहे, लिंबाच्या रसाइतका आंबट. आपल्या कोकणातल्या गरम कुंडांची जात वेगळी. तिथे ज्वालामुखी नाही; जमिनीतल्या भेगांमधून खोल गेलेलं पाणी तिथल्या उष्णतेने तापून वर येतं, त्यामुळे त्यात असली आम्लता नसते. कुसात्सूच्या पाण्यात लोखंडी खिळा टाकून ठेवला तर दहा-एक दिवसांत तो झिजून सुईसारखा होतो. गावात हा प्रयोग काचेच्या बरण्यांत मांडून दाखवतात, आणि आंघोळीला निघालेले पाहुणे तो जरा विचारात पडूनच पाहतात.

अशा पाण्यात रोगजंतू टिकत नाहीत. त्वचेच्या रोगांवरचा उतारा म्हणून कुसात्सूची जी कीर्ती झाली, तिच्या मुळाशी हे आहे. गुन्मा विद्यापीठाचं एक रुग्णालय पूर्वी गावातच होतं. तिथल्या डॉक्टरांनी जुनाट इसबाच्या रुग्णांवर या स्नानाचा परिणाम तपासला आणि आम्ल पाण्यातल्या मँगनीज व आयोडाइडमुळे त्वचेवरचे जिवाणू मरतात असं मांडलं. लोकांची समजूत अर्थातच याच्या बरीच पुढे गेलेली आहे. प्रेमाचं दुखणं तेवढं सोडून कुसात्सूच्या पाण्याने सगळं बरं होतं, असं जपानात पिढ्यान् पिढ्या म्हटलं जातं. सूज्ञ वाचकाने हे दावे चवीपुरतेच घ्यावेत.

गावाच्या मधोमध ‘युबाताके’ आहे. दर मिनिटाला सुमारे चार हजार लिटर पाणी इथे जमिनीतून उसळतं, सात लांब लाकडी पन्हळींतून सावकाश पुढे सरकतं आणि शेवटी हिरवट धबधब्यासारखं खालच्या कुंडात पडतं. गावातले सगळे झरे धरले तर हा आकडा मिनिटाला बत्तीस हजार लिटरच्या वर जातो. पंप न लावता आपसूक वाहणाऱ्या पाण्यात जपानात एवढं पाणी दुसरीकडे नाही. पन्हळी शोभेसाठी बसवलेल्या नाहीत. पन्नास अंशांच्या वर तापलेलं पाणी उघड्यावर वाहता वाहता थोडं निवतं, हा त्यांचा पहिला उपयोग. दुसरा असा, की पाण्यातलं गंधक लाकडाला धरतं. तो पिवळट थर ठरावीक काळाने खरवडून, वाळवून डब्यांत भरून विकला जातो; घरच्या टबात चिमूटभर टाकला की कुसात्सूचा वास तरी येतो. युबाताकेभोवतीचा तुंबड्याच्या आकाराचा कठडा आणि रस्ता १९७५ मध्ये प्रसिद्ध चित्रकार-शिल्पकार तारो ओकामोतो यांनी आखला. कठड्याच्या दगडी खांबांवर इथे येऊन गेलेल्या शंभर नामवंतांची नावं कोरलेली आहेत. एक माणूस मात्र स्वतः न येता पाणी मागवून घ्यायचा: आठवा तोकुगावा शोगुन योशिमुने. त्याच्यासाठी इथलं पाणी पिंपांत भरून एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, जायचं. ते जिथून भरत ती लाकडी चौकट युबाताकेत अजून दाखवतात.

पाणी फार गरम असेल तर त्यात गार पाणी ओतावं, हे कुणालाही सुचेल. कुसात्सूने ते कधी मान्य केलं नाही. गार पाणी घातलं की औषध पातळ होतं, हा तिथला हिशेब. मग पाणी निववायचं कसं? घुसळून. याला ‘युमोमी’ म्हणतात. सहा फूट लांब आणि फूटभर रुंद फळी दोन्ही हातांत उभी धरायची, पाण्यात खुपसायची आणि डावी-उजवीकडे उलथत राहायची. हौदाच्या दोन बाजूंना बायका ओळीने उभ्या राहतात, एकीने गाणं धरलं की सगळ्यांच्या फळ्या त्याच ठेक्यावर पडतात. आधी संथ, मग जोरात, आणि शेवटी फळ्या अशा आपटतात की पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकांच्या अंगावर शिंतोडे येतात. आता हा कार्यक्रम युबाताकेशेजारच्या ‘नेत्सुनोयु’ या सभागृहात रोज होतो, आणि प्रेक्षकांनाही फळी हातात घेऊन बघता येते. दोन मिनिटांत दंड भरून येतात. गाण्याची गरज का होती, ते तेव्हा कळतं.

घुसळूनही पाणी राहायचं ४८ अंशांच्या आसपास. घरची आंघोळ साधारण चाळीस अंशांची असते, यावरून अंदाज यावा. अशा पाण्यात एकटा माणूस उतरायला धजत नाही, म्हणून मेइजी काळात ‘जिकान्यु’ म्हणजे ठरल्या वेळेचं सामूहिक स्नान सुरू झालं. आधी डोक्यावरून तीसेक लोटे गरम पाणी ओतून घ्यायचं, म्हणजे शरीराला एकदम धक्का बसत नाही. मग स्नानप्रमुखाच्या हुकुमावर सगळ्यांनी एकदम उतरायचं आणि मुळीच हलायचं नाही, कारण हललं की अंगाभोवतीचा किंचित निवलेला थर मोडतो आणि कातडी पोळते. प्रमुख किती वेळ उरला ते ओरडून सांगणार, सगळ्यांनी एका आवाजात होकार द्यायचा. तीन मिनिटं झाली की बाहेर. त्या काळचे रुग्ण हे दिवसातून चार वेळा, आठवडेच्या आठवडे करत.

परिणाम व्हायचा तोच झाला. काखा, जांघा, जिथे कातडी नाजूक तिथे ती सोलवटून निघायची. रुग्ण त्याला रोग बाहेर पडण्याचं लक्षण समजायचे. उपचार संपला की मंडळी घरी न जाता डोंगराखालच्या सावातारी किंवा शिमा या गावी जायची. तिथलं पाणी सौम्य. कुसात्सूने सोललेली कातडी तिथे भरून यायची. एका ओनसेनाने केलेल्या जखमा बऱ्या करण्यावर दुसऱ्या ओनसेनाचा धंदा चालावा, हे जगात इतरत्र क्वचितच घडलं असेल.

हे पाणी जगापुढे नेलं एका जर्मनाने. एर्विन फोन बेल्त्स हा डॉक्टर १८७६ मध्ये टोकियोत वैद्यकी शिकवायला आला. पुढे तो राजघराण्याचा वैद्य झाला. निरीक्षण हा त्याचा हातखंडा. नवजात आशियाई बाळांच्या पाठीवरचा निळसर डाग त्याने युरोपीय वैद्यकाला ओळखीचा करून दिला. हाकोनेच्या हॉटेलात मोलकरणीचे फुटलेले हात पाहून त्याने ग्लिसरीनचं एक औषध सांगितलं. ते जपानात त्याच्याच नावाने विकलं जाऊ लागलं. कुसात्सूला तो वारंवार गेला. पाण्याबरोबरच तिथल्या हवेवर तो खूश होता, आणि युरोपातल्या आरोग्यधामांसारखं ठिकाण इथे उभं राहावं म्हणून त्याने जमीनही घेतली. त्याचं ते स्वप्न त्याच्या हयातीत काही फळाला आलं नाही. मात्र गावात त्याचा पुतळा आहे, आणि त्याचं जन्मगाव बीटिगहाइम हे कुसात्सूचं भगिनी-शहर आहे.

वसंत इथे उशिरा येतो. टोकियोत साकुराची फुलं गळून रस्त्याकडेला साचलेली असतात तेव्हा कुसात्सूत ती उमलायला लागतात. पण एप्रिलअखेरीस लोक फुलांसाठी येत नाहीत, रस्त्यासाठी येतात. गावातून नागानो प्रांताकडे जाणारा २९२ क्रमांकाचा महामार्ग शिबु खिंडीजवळ २,१७२ मीटरवर पोहोचतो. जपानच्या राष्ट्रीय महामार्गांवर याहून उंच जागा नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून तो बर्फामुळे बंद असतो. एप्रिलच्या शेवटी यंत्रांनी बर्फ कापून तो मोकळा करतात, तेव्हा दोन्ही बाजूंना काही मीटर उंच पांढऱ्या भिंती उभ्या राहतात आणि त्यांच्यामधून गाड्या जातात. मेअखेरीपर्यंत या भिंती वितळून रस्त्यावर ओढे वाहू लागतात.

उन्हाळा हा या गावाचा जुना हंगाम. खाली मैदानात जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशी गाठतो आणि घामाने जीव नकोसा होतो. वर कुसात्सूत दुपारी तीस अंशही क्वचितच होतात, आणि रात्री पांघरूण लागतं. ऑगस्टच्या पहिल्या तीन दिवसांत पाण्याच्या कृतज्ञतेचा उत्सव असतो. गरम पाण्याच्या देवीचं रूप घेतलेली एक तरुणी रात्री युबाताकेशी येते, झऱ्याचं पाणी काढलं जातं आणि ते गावातल्या धर्मशाळांना वाटलं जातं. वर्षभर ज्याच्या जिवावर पोट भरायचं, त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे. बैलपोळ्याच्या देशातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्याच महिन्याच्या उत्तरार्धात गावाचा सूर बदलतो. १९८० पासून इथे पाश्चात्त्य अभिजात संगीताची उन्हाळी कार्यशाळा आणि महोत्सव भरतो. युरोपातले नामवंत वादक सकाळी विद्यार्थ्यांना शिकवतात, दुपारनंतर मैफली होतात. माजी सम्राज्ञी मिचिको स्वतः पियानो वाजवतात. त्या अनेक वर्षं या कार्यशाळेला आल्या आणि वादकांसोबत बसून वाजवून गेल्या. युकाता, म्हणजे हलका सुती किमोनो, नेसून, पायात लाकडी खडावा अडकवून मैफलीच्या जाहिराती वाचणारे लोक हे ऑगस्टातल्या कुसात्सूचं नेहमीचं दृश्य.

गावाच्या टोकाला एक पूल आहे. त्याच्यावरून खाली पाहिलं तर नदीच्या कडेला नळ्यांमधून दुधासारखं पांढरं पाणी प्रवाहात पडताना दिसतं. बहुतेक पाहुण्यांची नजर तिथे ठरत नाही. पण कुसात्सूतली सर्वांत मोठी कामगिरी कोणती असं विचारलं, तर युबाताकेच्याही आधी या नळ्यांकडे बोट दाखवावं लागेल.

गावातलं सगळं आम्ल पाणी शेवटी युकावा नदीत जातं आणि तिथून आगात्सुमा नदीत. जिथे लोखंडी खिळा दहा दिवस टिकत नाही, तिथे मासा कुठून टिकणार? आगात्सुमाला लोक मेलेली नदी म्हणत. तिचं पाणी शेताला चालत नसे, पुलांचे काँक्रीटचे खांब ती पोखरत असे. धरणाचा तर विचारच नको. १९४७ च्या कॅथलीन वादळाने खालच्या तोने खोऱ्यात महापूर आल्यावर आगात्सुमावर याम्बा इथे धरण बांधायचं ठरलं होतं, पण या पाण्यात बांध टिकणार नाही म्हणून तो बेत बाजूला पडला.

मग १९६४ मध्ये एक उपाय सुरू झाला, तो आजवर थांबलेला नाही. चुनखडीची पूड पाण्यात कालवून ते दूध नदीत सोडायचं. आम्ल आणि चुनखडीची गाठ पडली की जिप्सम तयार होतं, कर्बवायू निघून जातो आणि पाणी निवळतं. सांगायला सोपं, करायला अवघड; कारण झरा रात्री झोपत नाही, सणासुदीला सुट्टी घेत नाही. त्यामुळे चुनाही दिवसाचे चोवीस तास, वर्षाचे सगळे दिवस ओतावा लागतो. रोजचा खप पन्नास-साठ टनांच्या घरात आहे. नदीवर अशा तऱ्हेने कायमचा उपचार करण्याचा हा जगातला पहिला प्रयोग मानतात. खाली शिनाकी धरण बांधलं, ते वीज किंवा पाणीपुरवठ्यापेक्षा मुख्यतः यासाठी, की चुना आणि आम्ल नीट मिसळायला जागा मिळावी आणि गाळ तिथेच बसावा. त्याच्या तलावाचं पाणी दुधाळ हिरवं दिसतं. फोटो काढणाऱ्यांना तो रंग फार आवडतो; तो एका रासायनिक कारखान्याचा रंग आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. गाळाचं काय करायचं हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. झऱ्यांच्या पाण्यात आर्सेनिकही आहे, ते गाळात उतरतं. तो गाळ उपसून डोंगरातच साठवावा लागतो, आणि तलाव पुन्हा भरत राहतो.

नदी जिवंत झाली, भातशेतीला पाणी मिळालं, मासे परत आले. आणि याम्बाचा बेतही कागदातून वर आला. अनेक दशकांच्या विरोधानंतर, वादानंतर ते धरण २०२० मध्ये पुरं झालं. त्याच्या पाण्याखाली कावारायु नावाचं एक जुनं ओनसेन गाव गेलं. गावकऱ्यांनी वरच्या अंगाला नवं गाव वसवलं. कुसात्सूचं पाणी निवळलं म्हणून शेजारचं ओनसेन बुडालं, असा हा हिशेब आहे. पर्यटन खात्याच्या कुठल्याही पत्रकात तो या शब्दांत सापडणार नाही.

शरद ऋतू वरून खाली उतरतो. शिरानेच्या माथ्याजवळ ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच रोवनची झाडं लाल होतात, भूर्जाची पिवळी पडतात. गावात तो रंग पोहोचायला महिन्याचा उत्तरार्ध उजाडतो. त्या दिवसांत साइनोकावारा बागेतली वाट माणसांनी फुलून जाते. वाटेवरच्या दुकानांतून वाफाळलेले तपकिरी मांजू, म्हणजे गोड डाळीचं सारण भरलेले पाव, हातावर ठेवले जातात, वर चहाचा पेला. फुकट आहे म्हणून खाल्लं की डबा विकत घेतल्याशिवाय पाय निघत नाही. दुकानदारांना मनुष्यस्वभाव चांगला ठाऊक आहे. बागेच्या शेवटी मोठा उघडा हौद आहे, पाचशे चौरस मीटरच्या आसपास. गळ्यापर्यंत पाण्यात बसून वरची लाल पानं पाहायची, हे चित्र प्रत्येक मासिकाच्या मुखपृष्ठावर असतं आणि प्रत्यक्षातही ते बऱ्यापैकी तसंच असतं.

याहून विलक्षण हिरवा रंग शेजारच्या नाकानोजो हद्दीत आहे. तिथे आम्ल झऱ्यांच्या काठाने चात्सुबोमी नावाचं शेवाळ गालिच्यासारखं पसरलेलं आहे. बाकी काही उगवत नाही तिथे हेच तेवढं फोफावतं. या झऱ्यांच्या पाण्यातलं लोह जिवाणूंच्या आणि शेवाळाच्या अंगावर साचत साचत हजारो वर्षांत खनिजाचे थर झाले. दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची चणचण भासली तेव्हा १९४४ मध्ये तिथे खाण उघडली. ते खनिज न्यायला १९४५ मध्ये आगात्सुमा मार्गाची रेल्वे नागानोहाराला आली. खाण १९६६ मध्ये बंद झाली, रेल्वे राहिली. आज टोकियोच्या उएनो स्थानकातून अडीच तासांत येणारे प्रवासी त्याच नागानोहाराला उतरून कुसात्सूची बस धरतात. खाणीची जखम आता शेवाळाने झाकली गेली आहे. २०१५ मध्ये हा परिसर योशिगादाइरा पाणथळ म्हणून रामसर यादीत गेला.

कुसात्सूच्या हिवाळ्याबद्दल लिहायचं तर एक प्रकरण टाळता येत नाही. त्वचारोगावरचा उतारा म्हणून गाव प्रसिद्ध, तेव्हा कुष्ठरोगीही इथे पूर्वापार येत. १८८७ मध्ये गावाने त्यांना खालच्या अंगाला, युनोसावा या भागात वेगळं वसवलं. इतरत्र त्यांना कुणी दारात उभं करत नसताना इथे त्यांची स्वतःची वस्ती उभी राहिली. त्यांच्या खानावळी, दुकानं होती. ते आपला कारभार आपण पाहत. १९१६ मध्ये मेरी कॉर्नवॉल ली ही साठीला आलेली इंग्रज मिशनरी बाई आली आणि तिने आपली संपत्ती घालून त्यांच्यासाठी दवाखाना, शाळा आणि वसतिगृहं चालवली. पुढे सरकारचं धोरण कडक झालं. १९३२ मध्ये गावाबाहेर कुरिउ राकुसेनएन ही राष्ट्रीय कुष्ठसंस्था उघडली आणि १९४१ मध्ये युनोसावा मोडून तिथल्या माणसांना संस्थेत हलवण्यात आलं.

त्या संस्थेच्या रानात १९३८ मध्ये एक तुरुंग बांधला होता. देशभरच्या कुष्ठसंस्थांतले ‘बेशिस्त’ रुग्ण तिथे धाडत. खटला नाही, वकील नाही. संस्थाचालकाचा शब्द पुरे. कोठड्यांना नीट उजेड नाही, शेगडी नाही, आणि बाहेर उणे पंधरा-वीस अंशांपर्यंत उतरणारा कुसात्सूचा हिवाळा. १९४७ पर्यंत ९३ जणांना तिथे कोंडलं, त्यांतले २३ दगावले. कुष्ठरुग्णांना वेगळं ठेवणारा कायदा जपानने १९९६ मध्ये रद्द केला. २००१ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने तो घटनाविरोधी ठरवला, आणि सरकारने अपील केलं नाही. २०१४ पासून त्या तुरुंगाची कथा सांगणारं छोटं संग्रहालय तिथे आहे. युबाताकेपासून ते फार लांब नाही. कुसात्सूला जाणाऱ्याने दोन तास तिथे द्यावेत, असं आग्रहाने सांगावंसं वाटतं.

आता हिवाळा हाच गावाचा भरभराटीचा काळ. १९४८ मध्ये तेंगू डोंगरावर स्कीची लिफ्ट बसली. जपानातल्या अगदी सुरुवातीच्या लिफ्टपैकी ती एक. स्की करायची आणि संध्याकाळी गरम पाण्यात अंग सैल सोडायचं, हा बेत लोकांना पसंत पडला आणि एकेकाळी निर्मनुष्य राहणारे महिने दिव्यांनी उजळले. त्याला आणखी एक मदत झाली, तीही अपघातानेच. १९७० मध्ये गंधकाच्या खाणीतला बोगदा खणताना सुमारे ९५ अंशांचं पाणी लागलं. याला ‘बांदाइको’ म्हणतात, आणि ते मुख्य झऱ्यापेक्षाही आंबट आहे. इतकं तापलेलं पाणी आंघोळीला थेट देता येत नाही. म्हणून ते गंजणार नाही अशा टायटेनियमच्या पत्र्यांवरून फिरवतात; पलीकडून जाणारं साधं पाणी त्याच्या उष्णतेने तापतं आणि घरोघरच्या नळांना जातं, आणि आंबट पाणी निवून हौदांत पडतं. तीच उष्णता मुख्य रस्त्यांखालच्या नळ्यांतून फिरवून बर्फ वितळवतात. आजूबाजूला कमरेएवढा बर्फ आणि मधला चढाचा रस्ता कोरडा काळा, असं दृश्य जानेवारीत दिसतं.

ज्या डोंगराच्या जिवावर हे सगळं चालतं, त्याची मर्जी मात्र कायम सांभाळावी लागते. शिरानेच्या माथ्यावर युगामा नावाचं विवराचं तळं आहे, निळसर हिरवं आणि भयंकर आम्ल. शास्त्रज्ञांची उपकरणं त्याच्याभोवती लावलेली होती. २३ जानेवारी २०१८ च्या सकाळी स्फोट झाला तो तिथे नव्हे, तर दक्षिणेच्या मोतो-शिराने शिखराजवळ, शेकडो वर्षं शांत मानलेल्या जागी. पूर्वसूचना काहीच मिळाली नाही. खाली स्कीच्या उतारांवर आणि रोपवेवर दगड कोसळले. सरावासाठी आलेला स्वसंरक्षण दलाचा एक जवान मरण पावला, अकरा जण जखमी झाले. तो रोपवे पुन्हा सुरू झाला नाही. तेव्हापासून ज्वालामुखीचा इशारा वरखाली होतो तसा २९२ क्रमांकाचा रस्ता आणि युगामाची वाट कधी उघडते, कधी बंद होते.

त्यामुळे जाण्याआधी हवामान खात्याचा ज्वालामुखी इशारा आणि रस्त्याची स्थिती पाहून घ्यावी, हा पहिला सल्ला. गावातल्या सार्वजनिक स्नानगृहांपैकी शिराहाता, चियो आणि जिझो ही तीन पाहुण्यांना फुकट आहेत. बाकीची गावकऱ्यांची, तिथे शिरू नये. आत पुरुष आणि बायका वेगळे, आणि अंगावर कपडा ठेवायचा नाही. मराठी माणसाच्या छातीत पहिल्यांदा जी धडधड होते ती पाण्याच्या उष्णतेपेक्षा बहुधा याचीच. तिथे कुणी कुणाकडे पाहत नाही हे पाच मिनिटांत कळतं. हौदाच्या काठावर बसून आधी डोक्यावर, खांद्यांवर गरम पाणी घ्यावं. थंडीत हे विसरणं वयस्कर माणसांच्या जिवावर बेततं. ओताकिनोयु स्नानगृहात ३८ पासून ४६ अंशांपर्यंत चढत्या क्रमाने हौद आहेत, तिथून सुरुवात करणं शहाणपणाचं. एका वेळी तीन-चार मिनिटं बसावं, बाहेर येऊन दम खावा, मग पुन्हा. कातडी नाजूक असेल तर निघताना साधं पाणी अंगावर घ्यावं. चष्मा खोलीत ठेवावा. पायातली चांदीची जोडवी, पैंजण आणि बोटातली अंगठीही काढूनच जावं. या पाण्यात चांदी काही क्षणांत काळी पडते.